मामाजींचा जर्मन हेडफोन

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. आमच्या वऱ्हाडात रीतच तशी. सासरा म्हणजे मामाजी, सासू म्हणजे आत्याबाई आणि नवरा म्हणजे नुसतं "ऐकलं का". अमडापूरहून लग्न होऊन मी पिंपळगाव राजाला आले, तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सातवी पास. त्या घरात एवढी शिकलेली बाई आधी आली नव्हती. माझ्या वडिलांनी त्या सातवीचा इतका गवगवा करून ठेवला होता, की सासरी पहिले काही महिने मला विळीपाशी बसवायलाही लोक बिचकायचे. मग बिचकणं संपलं आणि विळी कायमची माझ्याकडे आली.

मामाजींना सहीपुरतं लिहिता यायचं. तीन अक्षरांची सही, तीही दम घेत घेत. पण बातम्यांची त्यांना भारी हौस. वर्तमानपत्र खामगावहून दुपारच्या मोटारीनं यायचं. ते घेऊन मामाजी कुठं कुठं जाऊन वाचून घ्यायचे. वाचणारा अर्धं कागदावरचं वाचायचा आणि अर्धं स्वतःच्या मनचं सांगायचा. ते मामाजींच्या लक्षात यायचं आणि ते तणतणत घरी यायचे. एकदा आत्याबाईच म्हणाल्या, "घरात शिकेल सून आणून ठेवली ना. ते काय नुसती लोनचं घालाले आहे काय?"

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीआधी माझं वाचन सुरू झालं. मामाजी ओसरीवर बाजेवर बसायचे आणि मी आतल्या दाराआड पाटावर, पदर कपाळाच्या खाली ओढून. दाराची एक फळी उघडी, एक लावलेली. मला त्यांचं तोंड दिसायचं नाही आणि त्यांना माझं. सुनेनं सासऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आणि आवाज तर एवढा हळू ठेवायचा की ओसरीच्या पायरीखाली उतरता कामा नये. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. लेकीला चालायला कोण शिकवतं, तसंच हे अंगात आलेलं असतं.

मी हळू वाचायची आणि मामाजी लक्ष देऊन ऐकायचे. कापसाचा भाव, कुठल्या धरणाचं उद्घाटन, कोण मंत्री कुठं काय बोलला. मध्येच थांबवून विचारायचे. चंद्रावर माणसं पाठवायच्या गोष्टी तेव्हा छापून येत. मामाजी म्हणाले, "तिथं पानी नाही, माती पिकत नाही, मंग हे लोक तिथं कायले जाऊन राह्यले?" मी दाराआडून म्हटलं, "पाहून याले जात असतीन." त्यावर ते बराच वेळ हसले. मग माझ्या धाकट्या दिराबद्दल म्हणाले, "आपला धाकटाबी असाच. पाहून येतो म्हनते आनि जाते."

हळूहळू वाचन कमी आणि बोलणं जास्त व्हायला लागलं. माझ्या माहेरचं त्यांनी विचारावं, त्यांच्या लहानपणचं मी विचारावं. त्यांची आई कशी गेली, पहिली बैलजोडी कशी घेतली, आत्याबाई लग्नात किती रडल्या, हे सगळं मी त्या दाराआड ऐकलं. माझ्या स्वतःच्या वडिलांशी मी जन्मात एवढं बोलले नाही. वडील समोर बसायचे, पण त्यांच्याशी काय बोलावं हेच सुचायचं नाही. इथं मध्ये दार होतं म्हणूनच कदाचित दोघांना सुचत असेल. खरं सांगते, त्या घरात मी रुजले ती मामाजींमुळे. दिवसभर कितीही काम पडलं, कोणी काही टाकून बोललं, तरी संध्याकाळी आपलं एक माणूस आपलं ऐकायला बसलेलं आहे हे मनात असायचं.

मग मामाजींना ऐकू येईनासं झालं. ते कधी सुरू झालं कोण जाणे. मला कळलं ते एका बातमीवरून. कुठं तरी घाटात मोटार उलटून माणसं मेल्याची बातमी मी वाचली आणि बाहेरून आवाज आला, "बरं झालं." मी थबकले. दुसरी बातमी वाचली, तरी "बरं झालं". मग मी वाचायचीच थांबले. तरी बाहेरून मधून मधून "हं, हं" येतच होतं. किती दिवस ते असे काही न ऐकता बसत होते देव जाणे. मला वाईट वाटू नये म्हणून बसत होते. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी येऊन रडले आणि ओलं लाकूड धुरतंय असं सांगितलं.

बाकीच्यांचं काही अडलं नाही. शेतातली माणसं तशीही ओरडूनच बोलतात. ह्यांचा आवाज, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, गावाबाहेरच्या मळ्यापर्यंत जायचा. आत्याबाईंनी तर लग्नापासूनच मामाजींशी वरच्या पट्टीत बोलायचं ठेवलं होतं, त्यांना फरकच कळला नाही. अडलं ते माझं एकटीचं. बायकांचा बारीक आवाज आधी जातो म्हणे, आणि त्यात मी दाराआडून कुजबुजणारी. एकदा मी धीर करून जरा मोठ्यानं वाचलं, तर शेजारची बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय झालं वं? सासऱ्याशी भांडून राह्यली काय?" ती गमतीनं म्हणाली, पण संध्याकाळपर्यंत ते विहिरीवर पोचलं. सून सासऱ्यावर ओरडते, याहून वाईट काही त्या गावात सुनेबद्दल बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आत्याबाईंनी स्वतःच उचलून फडताळात ठेवलं.

खामगावच्या डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं. शीर सुकत चालली आहे, औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. जे ऐकू येतंय तेही वर्ष-दोन वर्षांत जाईल. तोवर आवाज मोठा करून कानाशी नेला तर ऐकतील. एवढं सांगून त्यांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

आमच्याकडे तोवर वीज आली होती आणि विजेवरचा रेडिओही. तो दुरुस्त करणारा एक मेकॅनिक खामगावला बाजारात होता. बोलका माणूस. काम कमी आणि गप्पा जास्त, आणि जोडलेल्या तारा नीट बांधायचा कंटाळा. ह्यांनी रेडिओ दुरुस्तीला नेला तेव्हा बापाच्या कानाचं बोलणं निघालं. तो म्हणाला, लष्करातून मोडीत निघालेले हेडफोन मुंबईहून माझ्याकडे येतात. काळे, जड, पण आवाज दणकट. रेडिओच्या मागं तबकडीच्या बाजाची, म्हणजे ग्रामोफोनची, तार लावायची जागा असते, तिथं एक माइक जोडून देतो. माइकात कोणी बोललं की रेडिओ आवाज मोठा करतो आणि हेडफोनमधून थेट कानात सोडतो. "हळू बोलाल तरी चालते," तो म्हणाला. ह्यांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं. त्यातलं शेवटचं वाक्य मी परत एकदा विचारून घेतलं.

मामाजींना घेऊन आम्ही खामगावला गेलो. मीही गेले, मला डोळे तपासायचे होते असं निमित्त काढून. दुकान म्हणजे एक लांबट खोली, खाली-वर उघडे पडलेले रेडिओ. मेकॅनिकनं मामाजींना स्टुलावर बसवलं. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्या काळ्या वाट्या कानांवर चढवून घेतल्या. ह्यांनी माइक हातात घेतला आणि सवयीनं ओरडले, "बाबा, येते काय ऐकू?" मामाजी स्टुलावरून उठलेच. "अरे, मारतं काय बे मले?" म्हणाले. मेकॅनिक हसला. "सांगितलं ना मी, हळू बोला म्हनून."

मामाजींनी मागे वळून पाहिलं. मी दुकानाच्या दाराशी पदर ओढून उभी होते. ते म्हणाले, "तिच्याजवळ दे. सूनबाईले बोलू दे."

माइक माझ्या हातात आला. लोखंडी, गार. मी भिंतीकडे तोंड केलं. काय बोलावं ते सुचेना. इतके महिने मनात साठवलेलं होतं आणि तोंडातून निघालं ते, "मामाजी, तुम्ही सकाऊन भाकर अर्धीच खाल्ली." माझ्या रोजच्या आवाजात, अगदी हळू.

मागं स्टूल करकरलं. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग मामाजी म्हणाले, "पोट भरेल नव्हतं वं माय. भाकर करपेल होती." मी म्हटलं, "मंग सांगाचं ना." ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू काय म्हनली असती थे मले कुठं ऐकू येनार होतं." मेकॅनिक, हे आणि बाहेर उभे असलेले दोघं-चौघं हसले. आम्ही आणखी थोडं बोललो. माझ्या भावाच्या लग्नाचं, गाईच्या गोऱ्ह्याचं. हेडफोनमध्ये घरघर होती, एक कान मधूनच बंद पडायचा. मामाजींनी त्या वाट्या काढून दिल्या तेव्हा दोन्ही हातांनी दिल्या.

माइक उसना होता. चांगला मागवून, तारा पक्क्या करून महिनाभरात देतो, असं मेकॅनिकनं कबूल केलं. त्या महिन्यातच सगळं फिसकटलं.

माझा धाकटा दीर जर्मनीत होता. अमरावतीला शिकला, मग कारखान्यात लागला, तिथून जर्मनीला गेला. आमच्या पंचक्रोशीतून इतक्या लांब गेलेला पहिलाच. आत्याबाईंच्या बोलण्यात दिवसातून कितीदा तरी "आमचा जर्मनीवाला" यायचा. आठ-आठ मैलांवरच्या लेकी कशा आहेत हे त्यांना ठाऊक नसायचं, पण जर्मनीत बर्फ कधी पडतं ते ठाऊक असायचं. ह्यांनी आनंदानं हेडफोनची हकिगत भावाला लिहून कळवली. उत्तर आलं, आणि घरात पत्रं मीच वाचायची, म्हणून तेही मीच सगळ्यांना वाचून दाखवलं. भाऊजींनी लिहिलं होतं की बाबांच्या कानाला लष्कराचं भंगार अजिबात लावू नका. जुन्या वस्तूतून वीज उतरते, उरलासुरला कान जाईल. इथले हेडफोन जगात एक नंबरचे आहेत. मी इथून पाठवतो, थोडी कळ काढा.

वाचून झालं आणि आत्याबाई म्हणाल्या, "जर्मनीचं ते जर्मनीचं." विषय संपला.

मी रात्री जेवणं वाढताना ह्यांना म्हटलं, "तवरक इथला घेऊ. त्याचा येईन तवा येईन." हे म्हणाले, "दोन-दोन कायले? आनि त्याले कळलं तर काय वाटन?" त्याला काय वाटेल. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मला त्या वाक्याचाच राग यायला लागला. चार हजार मैलांवरच्या माणसाला काय वाटेल याची काळजी सगळ्यांना. ओसरीवर बसलेल्या माणसाला काय ऐकू येत नाही, ते विचारायला कोणी नाही.

कळ काढली. तिकडून येणाऱ्या कोणाबरोबर तरी भाऊजी पाठवणार होते, त्या माणसाचं येणंच रहित झालं. मग पोस्टानं पाठवला, तर तो मुंबईला जकातीत अडकला. परदेशी वस्तू, कशाला मागवली, कोणासाठी, असे कागद येत राहिले आणि ह्यांची उत्तरं जात राहिली. एक उन्हाळा गेला, कापूस निघाला, दुसरा उन्हाळा आला. मेकॅनिकनं काही दिवस वाट पाहून तो काळा हेडफोन सोनाळ्याकडच्या एका शेतकऱ्याला त्याच्या म्हाताऱ्या आईसाठी विकून टाकला. हे मला सांगताना ह्यांनी नजर चुकवली. मामाजी आता पुरुषांचं बोलणंही कानाला हात लावून ऐकायचे, आणि तरी अर्धं सुटायचं. मी संध्याकाळी सवयीनं दाराआड जाऊन बसायची. वर्तमानपत्र मांडीवर. ते बाहेर, मी आत.

शेवटी पार्सल आलं. खोकं एवढं देखणं की आत्याबाईंनी आधी त्याला हळदीकुंकू वाहिलं. आत पांढऱ्या मऊ गादीत हेडफोन निजवलेला. राखाडी, कानाच्या वाट्यांना कातड्याच्या उशा, वजनाला हलका. घरातल्या प्रत्येकानं तो एकदा कानाला लावून पाहिला आणि तार कशालाच जोडलेली नसताना "वा, वा" म्हटलं. मग हे तार घेऊन रेडिओच्या मागे गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. तारेच्या टोकाला पाच बारीक काड्यांची पिन होती. आमच्या रेडिओला दोन साधी भोकं.

परत खामगाव. मेकॅनिकनं ती पिन उलटसुलट पाहिली. "याचं भोक आपल्याकडं नाही मिळत," म्हणाला. "पन त्याचं काही नाही. ही पिन कापतो, आतल्या तारा मोकळ्या करतो, लावून देतो. अर्ध्या घंट्याचं काम." त्यानं पक्कड उचलली. मी दाराशी उभी होते. माझं सगळं लक्ष त्या पकडीकडे लागलं होतं. अर्धा तास, मी मनात म्हणत होते, फक्त अर्धा तास.

मामाजींना बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण पक्कड दिसली. त्यांनी उठून तारेवर पंजा ठेवला. "हे काय करून राह्यला?" ह्यांनी हातवारे करून, कानाशी ओरडून सांगितलं की कापल्याशिवाय लागत नाही. मामाजी म्हणाले, "नको. पोरानं धाडलेली वस्तू हाये. मी तिच्यावर कैची चालू देनार नाही." मेकॅनिकनं समजावलं, ह्यांनी समजावलं. मी तर तोंड उघडूच शकत नव्हते. मामाजींनी हेडफोन उचलून खोक्यात ठेवला, खोकं काखेत धरलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. मेकॅनिक म्हणाला, मुंबईला तसलं भोक मिळालं तर मागवतो. ते कधी मिळालं नाही. दुसरा लष्करी हेडफोन आणतो म्हणाला, तर मामाजींनीच नको म्हटलं. घरात लेकाचा असताना बाजारातला आणला, तर लेकाच्या वस्तूला काय अर्थ राहिला?

आणि मग ते सुरू झालं, ज्याचं मला आजही हसू येत नाही. संध्याकाळी मामाजी हेडफोन कानांवर चढवून ओसरीवर बसायला लागले. तारेचं टोक बंडीच्या खिशात. गावातली माणसं जर्मनीची वस्तू पाहायला यायची. कोणी खुणेनं विचारलं की मामाजी मान डोलवून सांगायचे, "हाव, लय साफ ऐकू येते." ह्यांनी खामगावहून फोटोवाला आणून त्यांचा तसा फोटोही काढला आणि जर्मनीला पाठवला.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी दाराआड धान्य निवडत होते. मामाजी ओसरीवरून, दाराकडे न पाहता, बोलायला लागले. बहिरी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्यानं. "सूनबाई, तुले वाटत असन, बुढा येडा झाला. नाही झालो मी. पोट्टं तिथं बर्फात एकटं राह्यते. त्याले एवढं तरी वाटू दे, की बापाले आपल्या वस्तूनं ऐकू येते. तू त्याले सांगू नको." मी "हाव" म्हटलं. ते त्यांना ऐकू जाणार नाही हे लक्षात आलं, म्हणून दाराची फळी हातानं हलवली. त्यांनी ती पाहिली आणि मान डोलवली.

मला त्यांचा फार राग आला होता. हे आता सांगायला हरकत नाही. त्यांना लेकाचं मन दिसत होतं. दाराआड बसलेल्या माझं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही, असं मला वाटायचं. नंतर वाटायचं, पडला असेल, म्हणूनच तर मला एकटीला सांगितलं.

त्या हिवाळ्यात भाऊजी आले. कोट, बूट, आणि सगळ्यांसाठी काही ना काही. मामाजींनी त्यांच्यासमोर रेडिओपाशी बसून हेडफोन घातला, तारेचं टोक रेडिओच्या मागे दडवलेलं. भाऊजींनी समोर बसून विचारलं, "बाबा, ऐकू येतं का?" मामाजींनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हाव, घंटीसारखं." भाऊजींचे डोळे भरून आले. खरोखर आले, त्यात खोटं काही नव्हतं. मग आत स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "पाह्यलं काय वहिनी? आनि तुम्ही इथलं भंगार घेऊन राह्यल्या होत्या."

दिराशी मी मोकळेपणी बोलू शकत होते. आमच्यात थट्टामस्करीही चालायची. एक वाक्य पुरलं असतं. मी चुलीवरचं आधण पाहत राहिले. त्या दिवशी त्यांच्या चहात मी साखर घातली नाही. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला. तिकडे तसाच पितात म्हणे.

भाऊजी परत गेले आणि त्यानंतर मामाजी फार दिवस राहिले नाहीत. ताप येऊ लागला, अन्न जाईना. बाज ओसरीवरून आत घेतली. कान पूर्ण गेले होते. शेजारी भांडं पडलं तरी पापणी हलायची नाही. हेडफोन कपाटात गेला. आता कोणी पाहायला येत नव्हतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सगळी माणसं शेतात गेली होती. आत्याबाई देवळात. मी एकटी त्यांच्यापाशी. पेजेचे दोन घोट घेऊन ते उशीवर टेकले होते आणि छताकडे पाहत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस आता जाईल. माझ्याशी एक शब्द न बोलता जाईल. मी उठले, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्यांच्या समोर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड उघड्यावर असं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी ओरडले. सगळ्या घरात घुमेल, गल्लीत जाईल, विहिरीवर जाईल, एवढ्यानं ओरडले.

"मामाजी, मी वाचू काय तुम्हाले? मामाजी, मी इथंच आहे. तुमच्यावाचून मले इथं कोनीच नव्हतं."

तेच तेच मी ओरडत राहिले. डोळ्यांतून पाणी, शिरा ताणलेल्या, चेहरा लाल झालेला असणार. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिलेली मला कोपऱ्यातून दिसली, तरी मी थांबले नाही.

मामाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. आधी ते नुसते दचकले. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या आयुष्यात कुठल्याच सुनेनं त्यांच्यासमोर तोंड उघडून आवाज काढला नव्हता. सून असं तोंड उघडते ती भांडायलाच, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढले आणि जोडले.

"चुकलं असन वं माय माह्याकून काही," ते म्हणाले. "रागाऊ नको. मी आता जास्त दिवस नाही."

मी नाही, नाही, अशी जोरानं मान हलवली. तो त्यांना नकारच वाटला असणार, तसे त्यांनी जोडलेले हात कपाळापर्यंत नेले.